गैरहजराचा वाटा

ईशा, गेल्या रविवारी तू मला फोनवर तुझ्या मराठीच्या वर्गाचा गृहपाठ वाचून दाखवलास. एकवचन वाट, अनेकवचन वाटा. मी म्हटलं, बरोबर. तेवढ्यात नील मागून ओरडला, "आजी, वाटा म्हणजे शेअर पण ना?" तेही बरोबर. मग एका शब्दाचे दोन अर्थ कसे यावरून तुम्ही दोघं भांडायला लागलात आणि तुमच्या आईने फोन काढून घेतला. मी मात्र फोन हातात धरून बसून राहिले. 'वाटा' हा शब्द कानावर पडला की मला पाळकआबा आठवतात. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई आहे, तेव्हा क्रमाने सांगायचा प्रयत्न करेन.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूला पाळक म्हणतात. मेंढरं पाळणारा तो पाळक. त्यांचं नाव येशुदास सोनवणे. पण धुळ्यापासून साक्रीपर्यंत त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. लहानथोरांचे ते पाळकआबा. साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर जन्मले. वडिलांची पावसावर पिकणारी थोडी जमीन होती. उंची बेताची, खांदे शेतकऱ्याचे, आणि आवाज असा की गाणं म्हणू लागले की पेटीवाला पेटी थांबवून त्यांच्याकडे बघायचा. "देवाने मला आवाज दिला, सूर दुसऱ्याला दिला," असं ते स्वतःच म्हणत. चहा बशीत ओतून पीत आणि बशी दोन्ही हातांनी धरत, जणू ती कुणी हिसकावून नेणार आहे.

उपदेश फार छोटा करत. शास्त्रातला एक उतारा वाचायचे आणि त्यातला एकच शब्द उचलायचे. "आज एवढाच," म्हणायचे. एकदा 'आणि' या शब्दावर बोलले होते. देव बोलला 'आणि' झालं. या दोघांच्या मधे जो 'आणि' आहे तिथे माणूस राहतो, असं काहीतरी. मला व्याकरणातलं कळतं, पण त्या दिवशीसारखं उभयान्वयी अव्यय मी कधी शिकवलं नाही.

प्रार्थनेबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "प्रार्थना म्हणजे अर्ज नव्हे, हजेरी." कुणाच्या घरी गेले की पाच-सात मिनिटं डोळे मिटून गप्प बसत. घरातल्यांना वाटे, आता सुरू करतील, मग सुरू करतील. ते काही बोलतच नसत. मग डोळे उघडून म्हणत, "चला, हजेरी लागली," आणि चपला शोधायला लागत. नवीन लोकांना हे विचित्र वाटे. एका बाईने त्यांना दारातच अडवलं होतं, "आबा, मुलीच्या लग्नाचं तेवढं बोलायचं राहिलं ना तुमचं." आबा म्हणाले, "त्याला दिसतंय की मुलगी. आपण समोर बसलो ते पुरे."

आता भाकरीची गोष्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, ते तुम्हालाही माहीत आहे. तुमच्याकडे छोटे पांढरे गोल तुकडे मिळतात. इथे पूर्वी बेकरीतला पाव आणत. आबा धुळ्याला बदलून आले आणि पहिल्याच प्रभुभोजनाला मेजावर पांढऱ्या रुमालाखाली ज्वारीची भाकरी. त्यांच्या बायकोने, सारूअक्काने, पहाटे थापलेली. मंडळीत कुजबुज सुरू झाली. उपासना संपल्यावर नाना उठले. नाना म्हणजे आपल्या मंडळीतले एक वडीलधारे, एस.टी.त कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही माणसांना 'पुढे सरका' म्हणायची सवय गेली नव्हती. तापले की ते अहिराणीवर येत.

"पाळकसाहेब, प्रभुभोजनमां भाकर? उद्या ठेचा बी वाढशात का?"

सगळे हसले. आबाही हसले. मग म्हणाले, "नाना, प्रभूच्या प्रार्थनेत तुम्ही रोज काय मागता?"

"रोजनी भाकर."

"इतकी वर्षं मागितलीत. आज दिली, तर तक्रार?"

नाना बसायला वळले. पण हरलेल्या कंडक्टरासारखे शेवटचा शब्द ठेवल्याशिवाय उतरले नाहीत: "निदान मीठ तरी कमी टाकायला सांगा अक्काला."

भाकरीचं कारण आबांनी पुढे एकदा आमच्या ओसरीवर बसून सांगितलं. अगदी आरंभीच्या मंडळ्यांत, जेव्हा चर्चच्या इमारतीच नव्हत्या आणि लोक घराघरांत जमत, तेव्हा भाकर मोडताना एक प्रार्थना करत. हे धान्य डोंगरावर विखुरलेलं होतं, ते गोळा होऊन एक भाकर झाली. तसे आम्हीही विखुरलेले गोळा होऊ. आबा म्हणाले, "बाई, हे वाचलं आणि मला आमचा डोंगरच दिसला. उतारावरची ज्वारी, एक धाट इथे, एक तिथे. बेकरीच्या पावात मला तो डोंगर दिसत नाही."

त्याच काळातली दुसरी एक रीत त्यांनी उचलली होती, आणि माझी सगळी गोष्ट तिच्याभोवती आहे. त्या लोकांत जे कुणी आजारी असत, तुरुंगात असत, कामावरून सुटू शकत नसत, त्यांचा वाटा काढून ठेवत आणि सेवक तो त्यांच्या घरी पोचवत. आबा भाकर मोडण्याआधी मंडळीला विचारायचे, "आज कोण गैरहजर आहे?" मग बाकांवरून नावं यायची. भीमाबाई, पाय मोडला. मोहन, ड्यूटीवर. जितकी नावं तितके तुकडे बाजूला. उपासना संपली की आबा ते तुकडे आणि द्राक्षरसाची छोटी बाटली घेऊन लुनावर बसत आणि संध्याकाळपर्यंत घरोघर फिरत. साक्रीकडच्या पाड्यांवरसुद्धा जात. ती माणसं त्यांना सोडवत नसत. तुकडे ठेवायला एक छोटा स्टीलचा डबा होता, झाकणावर अक्कांचं नाव कोरलेला, लग्नातला.

तुमचे आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा आमच्या घरीही तो डबा यायचा. आजोबांना देवाधर्माचं वावडं नव्हतं, पण थट्टा केल्याशिवाय चैन पडत नसे. "काय पाळकसाहेब, लागली का माझी गैरहजेरी?"

"लागली साहेब. पगार कापलाय, हा घ्या उरलेला," म्हणून आबा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवत. आजोबा तो तुकडा खूप वेळ चघळत. मी खोलीबाहेर जाई.

या घराघरांत वाटे पोचवणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर मात्र बहुतेक रविवारी त्यांची वाट बघत असायचं. अक्का कुरकुरत नसत. शमू, त्यांचा एकुलता मुलगा, कुरकुरायचा. लहानपणी तो आमच्याकडे अभ्यासाला येई. हुशार, पण रागीट. एकदा त्याने मला विचारलं होतं, "बाई, आमच्या घरी पाळक कधी येणार?" तेव्हा मी हसले होते.

मग अक्का आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. शमू तेव्हा जळगावला एका कारखान्यात नुकताच लागला होता. रजा टाकून आला आणि दवाखान्यातच राहिला. त्या महिन्याचा पहिला रविवार आला. मी सकाळी दवाखान्यात गेले होते. शमू औषध आणायला खाली गेला होता. आबा खाटेजवळ स्टुलावर बसले होते. अक्का त्यांना म्हणाल्या, "पाड्यावरची गंगूबाई वाट बघत असेल. तिचं कोणी नाही. जाऊन या तुम्ही. मी काही आज जात नाही."

आबा उठेनात. अक्का चिडल्या. "जा म्हणते ना! मला काय, शमू आहे, बाई आहेत."

आबा गेले. परत आले तेव्हा ऊन कलतीला आलं होतं आणि अक्का गेल्या होत्या.

दवाखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली शमू उभा होता. आबांनी लुना उभी केली, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. डबा अजून हातात होता. शमू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "साऱ्या तालुक्याच्या वाट्याला आलात आबा. आईच्या वाट्याला तेवढे आला नाहीत."

माती झाली, आलेगेले परतले, आणि शमू जळगावला निघून गेला. पुन्हा धुळ्याला आला नाही. लग्न जळगावातच केलं. आम्हाला ते नानांकडून कळलं.

अक्कांनीच त्यांना पाठवलं होतं, हे मला माहीत होतं. मी आबांना म्हटलं, "मी शमूला सांगते. एका शब्दाचं काम आहे."

आबांनी हात जोडले. मला, हात. "नको बाई. तिने पाठवलं हे कळलं तर तो तिच्यावरही रागवेल. मग त्याच्याकडे कोण उरेल? बापावर रागावलेला पोरगा जगतो. आई तरी राहू द्या त्याला."

मी शब्द दिला आणि पाळला. आज तुम्हाला सांगते आहे, त्याला नाही.

तेव्हापासून पहिल्या रविवारी आबा नावं विचारत, नावांइतके तुकडे काढत, आणि मग एक जास्तीचा काढत. त्याचं नाव घेत नसत. मंडळीही कधी विचारत नसे. बाकीचे तुकडे पोचत. तो जास्तीचा डब्यातच राही, पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत. आदल्या संध्याकाळी आबा तो वाळलेला तुकडा पाण्यात भिजवून स्वतः खात आणि डबा घासून पालथा घालत. नानांना हे पटत नसे. "पाळकसाहेब, शिळी भाकर, ती बी प्रभुभोजननी?"

आबा म्हणत, "वाट बघणारं सगळंच शिळं होतं, नाना."

ते निवृत्त झाले. नवे तरुण पाळक आले, त्यांनी भाकरीही ठेवली आणि "कोण गैरहजर आहे?" हा प्रश्नही ठेवला. आबा आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. साखर वाढली, पाय सुजू लागले, लुना विकली. तरी महिन्याचा तुकडा डब्यात असे; नवे पाळक मुकाट्याने तो काढून त्यांच्या हातात देत.

असंच एकदा नाना कुणाच्या लग्नासाठी जळगावला निघाले होते. आबा त्यांना म्हणाले, "शमू भेटला तर एवढंच सांगा. तुझा वाटा काढून ठेवलाय. कधीही ये."

नाना मोठे विश्वासू. लग्नाचं जेवण सोडून शमूचं घर शोधत गेले आणि दारातच निरोप दिला: "तुना बापनी तुना वाटा काढी ठेवेल शे. ईसन ली जाय." म्हणजे, येऊन घेऊन जा.

आता तुम्हीच सांगा, एखाद्या मुलाला बापाकडून असा निरोप आला तर तो काय समजेल? खानदेशात बापाने मुलाचा वाटा काढला म्हणजे वाटणी झाली. जमीन. आई गेल्यापासून चर्चमध्ये पाऊल न टाकलेल्या शमूला त्या जास्तीच्या तुकड्याची काय कल्पना? पुढच्याच रविवारी तो आला. सोबत त्याची बायको ज्योती होती, नवी साडी नेसलेली, आणि शमूच्या हातात कागदपत्रांची रिकामी फाईल. मी आबांना भाजी द्यायला गेले होते, ती तिथेच अडकले.

आबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. सुनेला पहिल्यांदाच बघत होते. "ये माय, बस," म्हणाले, आणि घरात एकच खुर्ची होती ती तिच्यापुढे केली. मी चहा टाकला. शमू उभाच होता.

"नानांनी निरोप दिला," तो म्हणाला. "वाटा ठेवलाय म्हणाले."

"ठेवलाय की!" आबांचा चेहरा असा उजळला की मला तो आजही जसाच्या तसा दिसतो. ते लंगडत फडताळाकडे गेले, डबा काढला, झाकण उघडलं, पांढऱ्या रुमालाची घडी सोडली आणि दोन्ही हातांनी मुलासमोर धरला. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा.

शमूने तुकड्याकडे पाहिलं. मग फाईलकडे. मग ज्योतीकडे, कारण तिच्यासमोर त्याची फजिती झाली होती. त्याला वाटलं बाप त्याची चेष्टा करतोय.

"यासाठी बोलावलंत?"

"दर महिन्याला ठेवतो," आबा म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "एकही महिना चुकला नाही."

"आबा, मी जमिनीचं समजलो."

तेव्हा कुठे आबांना कळलं. हात हळूहळू खाली आले. "जमीन? ती तुझीच आहे रे. ती काय ठेवावी लागते? ती तिथेच आहे." मग डब्याकडे बघून म्हणाले, "हे ठेवावं लागतं."

शमूने डबा घेतला नाही. झाकणावरचं आईचं नाव त्याने वाचलं, ते मी पाहिलं. तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. ज्योतीने जाताना वाकून आबांच्या पायांना हात लावला. चहा तसाच राहिला.

नाना दुसऱ्या दिवशी आले ते रडवेले. "मी काय खोटं बोलनू का? वाटा म्हन्यात, वाटाच सांगा ना मी!"

"तुमची चूक नाही नाना," आबा म्हणाले. "शब्दच तसा आहे."

मग एका रविवारी नव्या पाळकांनी त्यांना उपदेशाला उभं केलं. उतारा आबांनीच निवडला होता, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या धाकट्या मुलाचा. तुम्ही तो संडे स्कूलमध्ये शिकला आहात. पूर्वी हा उतारा आला की ते क्षमेबद्दल बोलायचे. त्या दिवशी काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज एवढाच शब्द. 'वाटा'."

शेजारच्या बाकावर नानांनी मान खाली घातली.

"मुलाने बापाकडे आपला वाटा मागितला. बापाने दिला. का, कशाला, असं काही विचारलं नाही. हे मी इतक्या वेळा वाचलं, पण पुढे पळत जाण्याच्या घाईत इथे थांबलोच नाही. आधी मागितलेला वाटा द्यायचा. मग दुसरं." काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि मुलगा दूर होता तेव्हा बाप काय करत होता? बसून नव्हता. धावला. म्हातारा माणूस, लोकांसमोर धोतर सावरत धावला. आरंभीच्या मंडळीत गैरहजराचा वाटा ठेवत नसत. पोचवत. मी परक्यांचे पोचवले. माझ्या घरचा ठेवला. वाट बघत बसलो. वाट चालायची असते."

एवढं बोलून ते खाली बसले. आमेनसुद्धा म्हणायचे विसरले.

त्याच आठवड्यात नानांना घेऊन ते साक्रीला गेले, कचेरीत खेटे घातले आणि जमीन शमूच्या नावावर करून आले. नाना म्हणाले, "आते मीच कागदं देई येस जळगावला, भाकर बी देई येस. तुमना पाय दखा जरा."

"कागद पोस्टाने जातील," आबा म्हणाले. "भाकर माणसाने न्यावी लागते. आणि त्याच माणसाने."

पहिला रविवार होऊन गेल्यावर, सोमवारी सकाळी मी त्यांना रिक्षाने स्टँडवर सोडलं. त्याकडे शेवटी येते.

जळगावात काय झालं ते मला ज्योतीने पुढे सांगितलं. आबा दुपारी पोचले. शमू घरात होता. आवाज ऐकून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आबा बाहेरच्या खोलीत बसून राहिले. "हाक मारू का?" असं तिने विचारलं तर म्हणाले, "नको. मी हजेरीला आलोय." शेवटी शमू बाहेर आला. बापाच्या तोंडाकडे न बघता खाली बसला आणि म्हणाला, "पाय दाखवा." चप्पल निघत नव्हती इतका पाय सुजला होता. त्यानेच ती हळूहळू काढली. बोटाला जखम होती, काळी पडलेली. आबांना तिचा पत्ताच नव्हता.

दवाखान्यात न्यावं लागलं. विष अंगात भिनलं होतं. जे थोडे दिवस मिळाले त्यांत शमू रोज सकाळी कामावर जाण्याआधी येऊन आबांची दाढी करायचा. बोलायचा नाही. गालाला साबण लावायचा, हनुवटी वर करायचा, पुसायचा, जायचा. आबाही बोलायचे नाहीत. ज्योती म्हणाली, "बाई, दोघांना बघून वाटायचं, यांचं काही बोलणं चालू आहे, मलाच ऐकू येत नाही."

डबा घरी फडताळावर होता. तो कुणी उघडला, कधी उघडला, हे तिला माहीत नाही. आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो घासायच्या भांड्यांत आला, तेव्हा रिकामा होता.

आबांना धुळ्यालाच आणलं, अक्कांशेजारी. शमू मातीला उभा राहिला आणि लगेच निघून गेला. आम्हाला वाटलं, आता हा पुन्हा दिसायचा नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. मी नेहमीच्या बाकावर होते. उपासना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं. मी वळून पाहिलं नाही, ती माझी सवय नाही. नव्या पाळकांनी भाकर हातात घेतली आणि विचारलं, "आज कोण गैरहजर आहे?"

दोन-तीन नावं आली. मग अगदी मागून, चढ्या आणि बेसूर आवाजात, बापाच्याच आवाजात:

"येशुदास आबा."

मेलेल्या माणसाचा वाटा काढावा असं कुठल्या शास्त्रात आहे? नव्या पाळकांनी नानांकडे पाहिलं. शास्त्र आणि नियम यांवरून ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला सोडलं नाही, ते आमचे नाना डोळे पुसत म्हणाले, "काढा साहेब. एक जास्तीना काढाना रिवाजच शे आपला."

तुकडा काढला. शमू पुढे आला. हातात आईच्या नावाचा डबा होता. तुकडा त्यात ठेवून घेऊन गेला. कुठे नेला, त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. नानांनीही नाही, हे विशेष. त्यानंतर तो दर महिन्याला येत नाही. कधी येतो, कधी नाही. नाही आला की बाकांवरून कुणीतरी त्याचं नाव घेतं, आणि नवे पाळक मोटारसायकलवरून जळगावपर्यंत जातात की काय मला माहीत नाही, पण तुकडा मात्र काढतात.

आता स्टँडवरचं तेवढं राहिलं.

बस पारोळ्यावरून जळगावला जाणारी होती. नानांच्या जुन्या ओळखीच्या एका कंडक्टरने आबांना खिडकीची जागा दिली होती. पांढरा सदरा, इस्त्री मीच केलेला. पायात सैल चपला. मांडीवर डबा, दोन्ही हातांत धरलेला, बशी धरत तसा. मी खिडकीखालून म्हटलं, "आबा, पिशवीत ठेवा तो, सांडेल." भाकर कशी सांडेल, पण माझ्या तोंडून तेच आलं. ते हसले. "राहू द्या बाई. हातात बरा."

शेजारी केळ्याची टोपली पायाशी घेतलेली एक बाई बसली होती. तिने डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आबा, डब्बामां काय शे?"

"आंडोरना वाटा," आबा म्हणाले. आंडोर म्हणजे मुलगा.

बाई मोठ्याने हसली. "वाटा? एवढासा डब्बामां मावस का तो?"

आबांनी एकदा डब्याकडे पाहिलं, झाकण अंगठ्याने दाबून बघितलं.

"मावस, माय," ते म्हणाले. "मावस."

घंटी वाजली आणि बस निघाली.